संत्र्याच्या सौद्यामागे नेमकं काय? वर्तनवादी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी

(नागपुरात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, वर्तनवादी अर्थशास्त्राचा, म्हणजे माणसं पैशांचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात याच्या अभ्यासाचा, पेपर निवडणारे विद्यार्थी बहुधा एक यादी पाठ करून येतात. तोट्याची धास्ती, अँकरिंग (आधी ऐकलेल्या आकड्याला चिकटणं), आजचा मोह, कळपाची वृत्ती, डिफॉल्टचा प्रभाव (आधीच ठरवून दिलेला पर्याय तसाच ठेवणं). समोर काहीही घडलं की त्यातलं एक नाव उचलायचं आणि चिकटवायचं. परीक्षेत त्याला गुण मिळतात, प्रबंधात मात्र ते टिकत नाही. एकच वागणं चार कारणांनी घडू शकतं आणि त्यातलं कुठलं कारण खरं, हे यादी सांगत नाही. ते ठरवायला मोजमाप लागतं. पदव्युत्तर पातळीवर शिकायचं ते हे मोजमाप.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. काटोल-नरखेडकडचा एक संत्रा बागायतदार. आंबिया बहाराची फळं झाडावर असतानाच तो अख्खी बाग व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकतो, इसार घेतो आणि मोकळा होतो. स्वतः तोडणी करून माल नागपूरच्या कळमना बाजारात आणला असता तर कदाचित जास्त पैसे मिळाले असते. इथे विद्यार्थी लगेच तोट्याच्या धास्तीचं इंग्रजी नाव लिहितो: ‘लॉस अ‍ॅव्हर्जन’. पण त्याच्याकडे तोडणीला मजूर होते का? गाडीभाडं द्यायला त्या आठवड्यात रोकड होती का? बाजारभावाची माहिती त्याला व्यापाऱ्याइतकी होती का? आणि हे सगळं असूनही त्याला फक्त जोखीम नको असेल, तर ते समजायला १९४४ सालचा फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांचा अपेक्षित उपयोगितेचा सिद्धांत पुरतो; त्यात प्रत्येक संभाव्य रकमेची उपयोगिता तिच्या शक्यतेने गुणून बेरीज करतात. तोट्याची धास्ती हे पाचवं कारण झालं. आधीची चार बाजूला सारल्याशिवाय त्याचं नाव घेता येत नाही.

मग ते वेगळं कसं काढायचं? तोट्याच्या धास्तीची खूण अशी की माणूस कुठल्यातरी संदर्भबिंदूशी तुलना करतो आणि त्याच्या खालची रक्कम त्याला जास्त बोचते. बागायतदारासाठी हा बिंदू बहुतेक गेल्या वर्षी मिळालेला भाव. तेव्हा अपेक्षा अशी करता येईल की गेल्या वर्षीपेक्षा कमी भावाची बोली आली की तो अडून बसेल आणि थोडी जरी जास्त आली तरी पटकन देऊन टाकेल. पण इथेच पहिला खड्डा आहे. गेल्या वर्षीचा भाव हा यंदाच्या भावाचा अंदाजही असतो. अडून बसणारा माणूस धास्तावलेला नसेल, नुसता शहाणपणाने थांबलेला असेल.

यातून वाट काढायला एकाच गावातले, यंदा एकाच बाजाराला सामोरे जाणारे, पण गेल्या वर्षी वेगवेगळा भाव मिळालेले बागायतदार घ्यायचे. बाजाराची माहिती दोघांना सारखीच, संदर्भबिंदू मात्र वेगळा. तरी एक शंका उरते. ज्याला जास्त भाव मिळाला त्याची फळंच चांगली असतील. म्हणून प्रत्येक बागेचा आधीच्या तीन-चार वर्षांचा सरासरी भाव समीकरणात घालायचा आणि गेल्या वर्षीचा भाव त्या सरासरीपासून किती हटला तेवढंच वापरायचं. २००१ मध्ये जेनसोव्ह आणि मेयर यांनी बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवर याच जातीचा विचार केला. खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकायची वेळ आलेल्या मालकांनी मागणीची किंमत वर ठेवली आणि ती वाढ संभाव्य तोट्याच्या सुमारे २५ ते ३५ टक्के निघाली. फ्लॅटच्या जागी संत्रा ठेवून हा अभ्यास विदर्भात करता येतो. त्यासाठी परदेशी प्रयोगशाळा लागत नाही, नीट भरलेली भावाची वही लागते.

आता सिद्धांताकडे. काही जणांना वाटतं की वर्तनवादी अर्थशास्त्र घेतलं म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्रातल्या गणितातून सुटका झाली. होतं उलट. ज्याला स्वातंत्र्याचं गृहीतक (दोन पर्यायांतला सारखा भाग निवड बदलत नाही) मांडता येत नाही, त्याला मॉरिस अले यांचा १९५३ चा विरोधाभास नेमकं काय मोडतो ते दिसणार नाही. आणि रॅबिनचा २००० सालचा निष्कर्ष तर कागदावर स्वतः सोडवावाच. शंभर गमावण्याची आणि एकशे दहा मिळवण्याची निम्मी-निम्मी शक्यता असलेली पैज एखादा माणूस कुठल्याही संपत्तीवर नाकारत असेल, तर अपेक्षित उपयोगितेनुसार त्याने हजार गमावण्याची निम्मी शक्यता असलेली पैज, दुसऱ्या बाजूला कितीही मोठी रक्कम असली तरी, नाकारायला हवी. असं कोणी वागत नाही. म्हणजे लहान रकमांवरची सावधगिरी उपयोगितेच्या वक्रतेने, म्हणजे पैसे वाढतील तशी प्रत्येक जादा रुपयाची गोडी कमी होण्याने, समजावता येत नाही. नफा-तोटा संदर्भबिंदूपासून मोजणाऱ्या, कानमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या मांडणीची (प्रॉस्पेक्ट थिअरी) गरज कुठे होती, हे या एका गणितातून कळतं.

त्यांच्या १९९२ च्या निबंधातले आकडे सगळ्यांना पाठ असतात: वक्रतेचा घातांक ०.८८, तोट्याचा गुणक (तोटा नफ्याच्या किती पट बोचतो) २.२५. मग १०० रुपयांच्या तोट्याची भरपाई कितीने होईल? पटकन उत्तर येतं, २२५. चूक. घातांक विसरला. २.२५ चा १/०.८८ वा घात घेतला की उत्तर सुमारे २५१ येतं. तेही संभाव्यतेचा भार, म्हणजे माणसं शक्यता कमी-जास्त धरतात ते, बाजूला ठेवून. शिवाय हे आकडे २५ पदवीधर विद्यार्थ्यांच्या उत्तरांच्या मध्यकावरून आलेले आहेत. ते उचलून काटोलच्या शेतकऱ्याला लावायचे नसतात, इथे नव्याने मोजायचे असतात.

जोखमीच्या मोजमापासाठी होल्ट आणि लॉरी यांचा २००२ चा तक्ता सर्वात जास्त वापरला जातो. त्यात दहा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ‘अ’ किंवा ‘ब’ निवडायचा असतो. रुपयांत मांडला तर पर्याय ‘अ’ मध्ये २०० किंवा १६०, पर्याय ‘ब’ मध्ये ३८५ किंवा १०. पहिल्या ओळीत मोठ्या रकमेची शक्यता दहात एक, दुसरीत दहात दोन, असं करत दहाव्या ओळीत पूर्ण खात्री. चौथ्या ओळीत ‘अ’ची सरासरी १७६ आणि ‘ब’ची १६०. पाचव्या ओळीत ‘अ’ १८० आणि ‘ब’ १९७.५०. म्हणून जोखमीबद्दल तटस्थ असलेला माणूस पाचव्या ओळीला ‘ब’वर जातो, आणि जोखीम नको असलेला सहाव्या, सातव्या ओळीला. कितव्या ओळीला उडी मारली त्यावरून जोखीमविरोधाच्या गुणकाची पट्टी, म्हणजे किमान आणि कमाल मर्यादा, मिळते. ‘अ’ पाच वेळा निवडला तर साधारण ०.१५ ते ०.४१, सहा वेळा निवडला तर ०.४१ ते ०.६८. एक नेमका आकडा मिळत नाही. प्रबंधात पट्टी लिहा.

यात बिघडतं काय? काही जण ‘अ’वरून ‘ब’वर आणि परत ‘अ’वर येतात. काही जण दहाव्या ओळीतही ‘अ’ घेतात, म्हणजे खात्रीचे ३८५ सोडून २०० घेतात. हा जोखमीचा प्रश्न नाही, तक्ता समजला नाही एवढाच त्याचा अर्थ. अशी माणसं गुपचूप गाळून टाकू नका. किती होती ते लिहा आणि निकाल त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय असा दोन्ही द्या. ती कमी व्हावीत यासाठी टक्केवारी बोलूच नये. पिशवीत दहा चिठ्ठ्या ठेवाव्यात, तीन केशरी आणि सात पांढऱ्या, आणि समोरच्याला त्या हाताने मोजू द्याव्यात. उत्तरं घेण्याआधी समज तपासणारे दोन-तीन प्रश्न विचारावेत. शेवटी दहापैकी एक ओळ चिठ्ठीने काढून तिचे पैसे खरोखर द्यायचे. पैसे देणार म्हणून सांगून न देणं, खोटी माहिती देऊन प्रतिक्रिया पाहणं, हे अर्थशास्त्राच्या प्रयोगांत चालत नाही. एका विभागाने फसवणूक केली की त्या भागातला पुढचा प्रत्येक अभ्यास बिघडतो, कारण लोकांचा शब्दावर विश्वास राहत नाही.

काळाच्या बाबतीत हा विश्वास आणखी महत्त्वाचा. लेबसनच्या १९९७ च्या मांडणीत बीटा हा ‘आज’चा मोह मोजतो आणि डेल्टा हा साधा धीर. बीटा ०.७ आणि डेल्टा जवळपास १ धरा. आजचे १००० की महिन्याने १२००? बाराशेची आजची किंमत ८४० भरते, म्हणून माणूस आजचे घेतो. पण बारा महिन्यांनी १००० की तेरा महिन्यांनी १२००, असं विचारलं की तोच माणूस तेरावा महिना निवडतो. ही उलटापालट म्हणजे खूण. आता चूक पाहा. विद्यार्थी ‘आज’चे पैसे रोख हातात देतो आणि ‘महिन्याने’चे यूपीआयने पाठवीन म्हणतो. समोरच्याने आजचे घेतले. हा मोह की तुमच्यावरचा अविश्वास? सांगता येत नाही. म्हणून दोन्ही रकमा एकाच मार्गाने द्यायच्या आणि पुढच्या रकमेची तारीख घातलेली, सहीची पावती आधीच हातात ठेवायची.

त्याहून खोल अडचण अशी की पैसे म्हणजे उपभोग नव्हे. ज्याच्या घरी उद्या बियाण्याचे पैसे भरायचे आहेत, त्याला आज पैसे हवेच असतात. ऑगेनब्लिक, नीडर्ले आणि स्प्रेंगर यांनी २०१५ मध्ये पैशांच्या जोडीने कंटाळवाण्या कामाचं वाटप करायला लावलं. पैशांत बीटा जवळपास १ आला, कामात ०.९ च्या आसपास. आजचा मोह पाहायचा असेल तर श्रमाचं वाटप विचारणं जास्त भरवशाचं. हंगामही नोंदवायलाच हवा. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरच्या २०१३ च्या अभ्यासात तेच शेतकरी कापणीआधी आणि कापणीनंतर आकलनाच्या चाचण्यांत वेगळे निघाले. इथे जूनच्या पेरणीत घेतलेली उत्तरं आणि आंबियाची तोड झाल्यावर डिसेंबरात घेतलेली उत्तरं एकत्र मिसळली, तर त्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

सॅम्पलचा आकार हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण प्रबंध बुडतात ते इथे. ८० टक्के पॉवर (खरा परिणाम सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीला (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात लागणारी माणसं म्हणजे साधारण १६ गुणिले विचरण (उत्तरं किती विखुरली आहेत त्याचं माप), भागिले अपेक्षित परिणामाचा वर्ग. ०.२ प्रमाण विचलनाचा (विचरणाच्या वर्गमुळाचा) परिणाम शोधायचा तर अचूक उत्तर ३९२ येतं. माणसं गावागावांतून घेतली, प्रत्येक गावात २० आणि गावातल्या गावात साम्य ०.०५, तर त्याला १.९५ ने (१ + १९ × ०.०५) गुणायचं. झाले ७६४. म्हणजे एका गटाला ३९ गावं, दोन गटांना ७८. एका विद्यार्थ्याला एका सत्रात हे झेपत नाही. तेव्हा गावाऐवजी माणसागणिक चिठ्ठ्या टाकता येतात का ते पाहा, किंवा प्रश्न बदला.

नजच्या, म्हणजे सक्ती न करता निवडीकडे हलकेच वळवण्याच्या, बाबतीत तर हे गणित डोळे उघडतं. डेलाविन्या आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवलं की छापील निबंधांतल्या नजचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू होता, तर सरकारी नज युनिट्सच्या एकूण सगळ्या चाचण्यांत तो १.४. मुळात निम्मे लोक ते काम करतच असतील, तर ८.७ पकडायला एका गटात सुमारे ५३० माणसं पुरतात. १.४ पकडायला वीस हजारांहून जास्त लागतात. छापून आलेला आकडा धरून शंभर माणसांवर केलेली चाचणी काहीच सांगत नाही, आणि चुकून काही सापडलंच तर ते फुगलेलं असतं. हे सगळ्याच साहित्याला लागू आहे. २०१६ मध्ये प्रायोगिक अर्थशास्त्रातले १८ अभ्यास पुन्हा केले गेले, त्यांतले ११ टिकले आणि सरासरी परिणाम मूळच्या सुमारे दोन तृतीयांश आला. फॉर्मच्या वरच्या बाजूला सही घेतली की लोक खरं लिहितात, हा २०१२ चा गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातला डेटा बनावट होता. तरीही तो अजून नोट्समध्ये सापडतो. काढून टाका.

साधनांबद्दल थोडक्यात. संगणकावरच्या प्रयोगांसाठी ओट्री हे सॉफ्टवेअर, त्यासाठी कामापुरतं पायथन. शिवारात फॉर्म भरायला कोबो टूलबॉक्स, रेंज नसतानाही चालतं. विश्लेषणाला आर ही संगणकभाषा, फुकट आहे. गुणक काढायला कमाल संभाव्यता पद्धत (मिळालेली उत्तरं सर्वात शक्य ठरवणारा गुणक शोधणं) यायला हवी. ती शिकायला दोन महिने राखून ठेवा.

वेळापत्रक इथल्या हवामानाशी जुळवा. जुलै-ऑगस्टात प्रश्न आणि तक्ता, सप्टेंबरात नैतिकता समितीची परवानगी आणि वीसेक माणसांवर पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम. पायलटची उत्तरं मुख्य निकालात मिसळायची नाहीत. ऑक्टोबरात अभ्यासाची पूर्वनोंदणी करा. त्यात मुख्य मापक कोणता, कोणाला वगळणार आणि कुठलं समीकरण चालवणार हे लिहा, आणि निकालाचे तक्ते आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून आधीच तयार करा. मुख्य फील्डवर्क नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात असताना दुपारी बारा ते चार कोणी भेटत नाही, आणि जे भेटतात ते इतरांसारखे नसतात. भेटीची वेळ हा रकाना फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर तो आठवून भरता येत नाही.