एकसष्टचं उत्तर: १,७६,६३,१९,०४९

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येला ११ ने नि:शेष भाग जातो. पण तिचं मोठेपण वेगळं आहे. ती एका प्रश्नाचं उत्तर आहे.

एखाद्या संख्येचा वर्ग घ्या, त्याला ६१ ने गुणा, १ मिळवा. येईल तो पुन्हा पूर्ण वर्ग हवा. ६१ ऐवजी ६० असते, तर काम चुटकीसरशी झालं असतं: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ लाही नुसता ८ पुरतो. मधल्या ६१ ला मात्र, शून्य सोडलं तर, लहानात लहान संख्या लागते २२,६१,५३,९८०! आणि मिळणारा वर्ग असतो आपल्या १,७६,६३,१९,०४९ चा.

एकेक संख्या तपासत बसलं, तर जन्म पुरायचा नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास हे उत्तर काढलं ते चक्रवाल पद्धतीने, म्हणजे चक्रासारखी तीच कृती पुन्हा पुन्हा करत उत्तराजवळ जाण्याच्या रीतीने. सुरुवात ८ पासून. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. चक्राच्या एका फेऱ्यात हाती येतात ३९ आणि ५: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५. फरक फक्त ४ चा. तिथून पुढची वाट ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्येच घालून दिली होती. त्या वाटेने येतात २९,७१८ आणि ३,८०५.

इथे जरा थांबू, कारण मला सगळ्यात आवडते ती हीच पायरी. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ८८,३१,५९,५२५. उत्तर एकाने हुकलं, तेही उलट्या बाजूला. आता या दोन मोठ्या संख्यांची बेरीज करून पाहा: १,७६,६३,१९,०४९!

तिला २२,६१,५३,९८० ने भागलं, तर ६१ चं वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बरोबर येतं. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञानेही आव्हान म्हणून ६१ चा प्रश्न घातला. भास्कराचार्यांच्या उत्तराला तेव्हा पाचशे वर्षं होऊन गेली होती.

आणि आपल्या खान्देशाशी याचा संबंध काय? चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यात मठाच्या खर्चाची तरतूद आहे: पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा, आणि गावात जितके घाणे चालतील, तितक्यांनी पळी-पळी तेल द्यावं.