धुळीआडचा उजेड
(दादरच्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येताना चौपाटीवरून मावळतीचा सूर्य पाहिलात? तांब्याच्या परातीसारखा, डोळे न दिपता बघता येणारा. सूर्य तोच, मध्ये आपल्या शहराची धूळ आहे. ती निळा प्रकाश उधळून लावते आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत येतो. आजचा विषय अशाच धुळीचा आहे, फक्त फार लांबच्या.

आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात वायू पडू लागला की तो इतका तापतो की कधीकधी केंद्राच्या उजेडापुढे सारी दीर्घिका फिकी पडते. कार्ल सीफर्टनं १९४३ मध्ये अशा काही दीर्घिकांचा अभ्यास केला. पुढे त्यांचे दोन प्रकार मानले गेले: काहींच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, रुंद रेषा, काहींत नुसत्या अरुंद. रुंद रेषा म्हणजे कृष्णविवराजवळ वेगानं फिरणाऱ्या वायूची खूण.

वांगणीला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांना तिमिंगल तारकासमूहातली एम ७७ ही दीर्घिका माहीत असेल. ती दुसऱ्या, नुसत्या अरुंद रेषांच्या प्रकारातली. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा ध्रुवित प्रकाश, म्हणजे थेट न येता कशावर तरी विखुरून आलेला प्रकाश, तपासला, आणि त्यात रुंद रेषा सापडल्या! चाळीत शेजारच्या खोलीचं दार बंद असलं, तरी वरच्या झडपेतून दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो ना, तसं. दिवा होताच, आपण दाराच्या बाजूला उभे होतो. इथलं दार म्हणजे केंद्राभोवतीचं धुळीचं कडं.

ताई, तुमच्या मोबाइलचा टॉर्च जरा तळव्याखाली धरा. बघा, बोटांच्या कडा लालभडक झाल्या, पण हाडं दिसली का? त्यासाठी क्ष-किरण लागतात. इथंही तेच. धूळ दृश्य प्रकाश गिळते, तापते आणि अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण प्रकाशात, स्वतःच झळकते. म्हणजे भिंतच सांगते की आत चूल पेटली आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला धुळीचा अडसरच नाही, रेडिओलहरी सरळ आरपार येतात. जोरकस क्ष-किरणही बाहेर पडतात. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची काही क्ष-किरण उपकरणं आपल्या कुलाब्यातल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडली, हे मी प्रत्येक व्याख्यानात आवर्जून सांगतो. पण काही ठिकाणी वायू इतका दाट असतो की क्ष-किरणही बहुतांशी आतच अडकतात.

मग नुसत्या दृश्य प्रकाशात अशा कृष्णविवरांची शिरगणती केली तर किती जण सुटतील? फार. क्वेसारांचा, म्हणजे अशा सर्वांत तेजस्वी केंद्रांचा, बहर सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा दीर्घिकांत वायू मुबलक होता. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की तो केंद्राकडे लोटला जातो. कृष्णविवर आधी त्या ढिगाऱ्याखालीच पोसतं आणि नंतर स्वतःच्या झोतानं आवरण उडवून लावतं, असं एक चित्र मांडलं जातं. मला ते पटतं. आपण कोणत्या कोनातून पाहतो यावर सगळं ढकलून चालणार नाही. कृष्णविवराचं वयही बघायला हवं.

आणि आता जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला आरंभीच्या विश्वात चिमुकले लाल ठिपके दिसले आहेत. अनेकांच्या वर्णपटात रुंद रेषा आहेत, म्हणजे कृष्णविवराची खूण आहे. क्ष-किरणांत मात्र त्यातले बहुतेक दिसतच नाहीत. ते कशात गुंडाळलेले आहेत, यावर सध्या कडाक्याचा वाद चालू आहे. त्यातला पहिला ठिपका आता पडद्यावर घेऊ. दिवे घालवता का जरा?