नवगावचे दोन उंचवटे

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधे नवगाव लागतं. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी. किनाऱ्यालगत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाचं जुनं कबरस्तान आहे. बुटक्या दगडी कबरी, जुन्यांवर ना नाव ना साल. आणि दोन उंचवटे.

समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, इथे पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं गावाने पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्याखाली. हे कधी घडलं? कोणी इसवी सनापूर्वी १७५ म्हणतं, कोणी त्याच्या कितीतरी नंतर. पोथ्या समुद्रात गेल्या. ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली.

वाचले त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी, यहुदींच्या विसाव्याच्या दिवशी, मात्र बैल सुटा, घाणा बंद. गावकऱ्यांनी नाव ठेवलं, शनवार तेली. नाव ठेवणाऱ्यांना कुठे माहीत, आपण या लोकांचा इतिहासच दोन शब्दांत लिहून ठेवतोय!

सणांनाही इथलीच नावं पडली. नव्याचा सण, खिरीचा सण. उपासाच्या मोठ्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, तो दारफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा सण. हजारो मैलांवरच्या मंदिराचं सुतक आणि ताटात कोकणातले वाल.

पुढे दावीद रहाबी नावाचा यहुदी धर्मशिक्षक आला. हे खरंच यहुदी का, हे पाहायला त्याने बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली म्हणतात. बायकांनी यहुदी धर्माला चालते ती खवल्या-परांची तेवढी निवडली, बाकीची बाजूला सारली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, परीक्षा घ्यावी ती कोकणात अशीच.

मग माणसं मुंबईला गेली. तिथे १७९६ मध्ये दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधलं. १९४८ नंतर इस्रायलकडे रीघ लागली. तिथेही ‘तुम्ही पुरते यहुदी का’ हा प्रश्न पुन्हा निघाला. निदर्शनं झाली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने तो मिटवला. या वेळी मासळीवर भागलं नाही.

आज इस्रायलातल्या दिमोना, लोद, अश्दोदमध्ये नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर सापडतील. सुट्टीत नातवंडांना घेऊन त्यातले काही इथे येतात. कोणाची कबर कुठली, सांगता येत नाही. मग ते सरळ त्या दोन उंचवट्यांपाशी जातात.