नाथसागराच्या तळाचं चित्र धूसर का येतं?

(दृश्य: पैठण. जायकवाडी धरणाचे दरवाजे, मग पाण्यावरून संथ जाणारी सर्वेक्षणाची बोट.)

निवेदन:
जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून गोदावरीचा प्रत्येक पूर नाथसागरात गाळ आणून टाकतोय. तो कुठे साचला, बुडालेल्या गावांच्या भिंती त्यातून कुठे वर उरल्यात, हे गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला दिसत नाही. पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनार यंत्राला दिसतं. पण त्याचं पहिलं चित्र बहुतेकदा शेणानं सारवल्यासारखं येतं: दगड फुगलेले, शेजारच्या दोन भिंतींची एकच झालेली.

समजा, सोनार २०० किलोहर्ट्झचा आहे. पाण्यात त्याची तरंगलांबी साडेसात मिलिमीटर. पावणेचार मिलिमीटरवर एक, असे शंभर हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) एका रांगेत बसवले, तर बीम, म्हणजे सोनार एका वेळी ऐकतो तो झोत, साधारण एक अंशाचा मिळतो. वीस मीटर खोलीवर तो ३५ सेंटिमीटर रुंद होतो. त्याहून जवळचे दोन दगड एकच दिसणार.

(दृश्य: पडद्यावर शंभर सिग्नल, एकेक सरकत एका रेषेत येतात.)

बीमफॉर्मिंग म्हणजे प्रत्येक हायड्रोफोनचा सिग्नल हवा तेवढा उशिरा घेऊन सगळ्यांची बेरीज करणं. खरी चूक इथंच होते. सरळ खालच्या रेषेपासून साठ अंशांवरून आलेला प्रतिध्वनी रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला सुमारे २१७ मायक्रोसेकंद घेतो. ५० किलोहर्ट्झ बँडविड्थची, म्हणजे वारंवारतेच्या एवढ्या रुंद पट्ट्यात पसरलेली पल्स (ध्वनीचा ठोका) गणितानं दाबल्यावर वीसच मायक्रोसेकंदांची उरते. अशा वेळी नुसता फेज फिरवून, म्हणजे एका लाटेच्या आतच चढउतार पुढेमागे सरकवून भागत नाही. दोन टोकांच्या पल्स एकमेकींवर येतच नाहीत. उशीर खराखुरा, वेळेतच द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट फोकसची. एवढ्या रांगेसाठी सुमारे ३८ मीटरच्या आत येणारी लाट सपाट नसते, वक्र असते. धरणाची उंचीच सुमारे ४१ मीटर. म्हणजे बोटीखालचा जवळपास सगळा तळ या हद्दीत पडतो. म्हणून प्रत्येक अंतरासाठी उशीर नव्याने काढायचा.

तिसरी, पाण्याचं तापमान. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि ध्वनीचा वेग वाढतो. ट्रान्सड्यूसरपाशी, म्हणजे सोनारच्या ध्वनी सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागापाशी, तो सेकंदाला १५ मीटरनं चुकीचा धरला, तर साठ अंशांवरचा बीम एक अंशानं सरकतो. खोली वीस मीटर असेल तर चूक बीमच्या आडवी ७० सेंटिमीटर. वेग मोजणारा प्रोब ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशीच हवा.

बोटीच्या बरोबर खालून येणारा जोरदार प्रतिध्वनी साइडलोबमधून, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूच्या छोट्या झोतांमधून शिरतो आणि तळावर खोटी कमान उमटते. सगळ्या हायड्रोफोनना सारखं वजन दिलं तर पहिला साइडलोब फक्त १३ डेसिबलनं खाली असतो. हॅन वजनानं, म्हणजे रांगेच्या टोकांकडे वजन कमी करत नेलं तर, तो ३१ पर्यंत जातो, पण बीम दीडपटीहून जास्त रुंद होतो.

(दृश्य: नायलॉनच्या दोरीला टांगलेला छोटा धातूचा गोळा पाण्यात उतरतो.)

हा गमावलेला बारकावा परत मिळवायला डीकॉन्व्होल्यूशन, म्हणजे पसरलेला डाग गणितानं परत आवळणं. आधी एका ठिपक्याचा सोनार केवढा डाग करतो, ते मोजायचं. ३८.१ मिलिमीटरचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा तळापासून बराच वर, मध्यपाण्यात टांगावा. कागदावरचा आदर्श आकार वापरू नये. एखादा हायड्रोफोन मेला असेल तर ते त्यात दिसत नाही. गणित कोनावर नाही, कोनाच्या साइनवर मांडायचं, कारण डागाचा आकार तिथंच सगळीकडे सारखा राहतो. तोही फोकस बरोबर असेल तरच.

मग रिचर्डसन-लुसी पद्धत, म्हणजे फेरीफेरीनं चित्र टोकदार करत नेणारं गणित, तेही ऊर्जेवर. शेजारच्या दगडांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून कमीजास्त होतात, म्हणून आधी काही पिंगची (सोनारनं सोडलेल्या एकेका ठोक्याची) सरासरी घ्यावी. पाच, दहा, वीस फेऱ्यांची चित्रं शेजारी मांडा. फेऱ्या वाढल्या की गोंगाटाचेच टोकदार ठिपके बनतात आणि मऊ गाळ खडकाळ वाटू लागतो. शंका आली की त्याच जागेवरून बोट काटकोनात फिरवायची. भिंत खरी असेल तर ती जागच्या जागी राहते. गणितानं उभी केलेली भिंत बोटीबरोबर फिरते.