मावशीला आलेला वसुलीचा फोन

(पडद्यावर : ओट्यावर ठेवलेला फोन. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं.)

कर्ज भाच्याचं, फोन मावशीला. "तुमचं नाव दिलंय त्यानं. आज पैसे टाका, नाहीतर उद्या पोलीस दारात." मावशीनं कुठंच सही केलेली नाही, तरी त्यांचा हात थरथरतोय. त्या एजंटला हवी असते ती हीच भीती. घरातलं कुणीतरी लाजेखातर पैसे भरेल, एवढाच त्याचा हिशोब.

अर्जात संदर्भ म्हणून नाव-नंबर दिल्यानं कुणी जामीनदार होत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल, तरच तुमच्याकडे मागणी होऊ शकते. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलत नाहीत. चेक न वटल्याचा खटला वेगळा, आणि तोही चेकवर सही करणाऱ्यावर.

रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय : वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. कर्जदाराचे घरचे, मित्र, संदर्भातली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. एजंट बाहेरचा असला, तरी जबाब बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनंच द्यायचा.

फोन आला की वाद घालू नका. नाव, एजन्सी, कोणत्या कंपनीचं कर्ज, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. भाच्याचा पत्ता, नोकरीचं ठिकाण सांगू नका. आणि "निदान पाचशे तरी टाका" म्हणत पाठवलेल्या क्यूआर कोडवर एक रुपयाही नको. तो कोड कुणाच्या खासगी खात्याचा निघाला, तर पैसे जातात आणि थकबाकी तशीच राहते.

(पडद्यावर : व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट.)

इथं बहुतेकांची चूक होते. नंबर "वसुलीवाला" नावानं सेव्ह केला, तर स्क्रीनशॉटमध्ये नावच दिसतं, नंबर दिसत नाही. सेव्ह न करता, तारीख आणि वेळ येईल असा फोटो घ्या. व्हॉट्सॲप कॉल फोनच्या साध्या रेकॉर्डरमध्ये सहसा येत नाही. स्पीकर लावून दुसऱ्या मोबाइलवर टिपा. मेसेज कितीही घाणेरडा असो, डिलीट करू नका.

कर्ज ॲपवरचं असेल, तर भाच्यानं ते रागानं लगेच काढून टाकू नये. आधी सेटिंगमध्ये 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी दिलेली दिसते, त्या पानाचा फोटो घ्यावा. मग परवानगी बंद करावी. कर्जाच्या ॲपला संपर्कयादी वाचायची मुभाच नाही, त्यामुळे तो फोटो पुरावा ठरतो. आधीच उचललेले नंबर मात्र ॲप काढल्यानं परत येत नाहीत.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल भाच्यानंच करावा, कारण ग्राहक तो; मावशीचे पुरावे सोबत जोडावेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे 'सीएमएस' पोर्टलवर तक्रार, माहितीसाठी १४४४८. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली कंपनीच नसेल, तर लोकपालाचा उपयोग नाही. तिथं 'सचेत' (अशा बेकायदा कंपन्यांच्या तक्रारींसाठीचं रिझर्व्ह बँकेचं पोर्टल) आणि पोलीस.

धमकी, शिवीगाळ, फोटोशी छेडछाड झाली असेल, तर तीस दिवस थांबायचं कारण नाही. मावशी स्वतः फिर्याद देऊ शकतात. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत न्या. दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.