कागद जाळणारे आणि कापूस वेचणाऱ्या

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं वावर. कापूस फुटलाय, बाया ओळीनं वेचतायत.)

राज्यसत्ताच नको म्हणणारे ते अराजकवादी. त्यांच्यातले उठाववादी सांगतात, संघटनेची वाट न पाहता उठा. ते या वावरात कितपत लागू पडतं, ते पाहू. १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. इथल्या काळ्या मातीतला कापूस आता जवळच सूत होऊ लागला. त्याच वर्षी मिलच्या कामगारांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत हा संप मोजतात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इटलीच्या मातेसे डोंगरात पंचवीसेक अराजकवादी लेतिनो नावाच्या गावात शिरले. त्यांत एरिको मालातेस्ता होता, कार्लो काफिएरो होता. त्यांनी राजाची सत्ता संपल्याचं जाहीर केलं, सरकारी दप्तर चौकात जाळलं. धान्य दळायला लागणारा कर मोजणारी यंत्रं फोडली. गावकरी हरखले. पण डोंगरात त्यांच्या मागे कुणी गेलं नाही. पावसाबर्फात भिजलेल्या त्या टोळीला सैन्यानं काही दिवसांतच पकडलं.

(दृश्य: सुपे गावाचा बाजार.)

त्याच्या दोनच वर्षं आधी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. हेही कागदच. पण इथं काडी लावणारा आणि कर्जात बुडालेला माणूस एकच होता. उठाव गावोगाव पसरला आणि १८७९मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. लेतिनो आणि सुपे यांच्यातला हा फरक मला फार मोठा वाटतो.

उठाववादी अराजकवाद म्हणतो, मोठी संघटना उभी राहायची वाट पाहू नका. संघटना स्थिरावली की पुढारी तडजोडीला बसतात, कामगार बाहेर उभा राहतो. पुढे १९८०च्या दशकात आल्फ्रेदो बोनान्नो आणि त्याच्या साथीदारांनी सिसिलीतल्या कोमिझो इथं क्षेपणास्त्र-तळाविरुद्ध स्थानिक लोकांचे गट बांधले. पक्ष नको, युनियनचा पुढारी नको, आणि गटात यायला अराजकवादी असायची अटही नाही. क्षेपणास्त्रं आली ती आलीच. तरी लेतिनोत जे राहून गेलं होतं, ते इथं निदान करून पाहिलं गेलं.

(दृश्य: धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसलेल्या बाया, मधे डबे.)

विदर्भात वेचणीची मजुरी किलोवर. या बायांची युनियन नसते. पण कापूस फुटला, आभाळ भरून आलं, की त्यांना आपली ताकद बरोबर कळते. दर वाढल्याशिवाय वावरात उतरायचं नाही, हे सकाळी धुऱ्यावरच ठरतं. त्यासाठी ठराव लागत नाही, अध्यक्ष लागत नाही. उठाववादी ज्या स्वयंस्फूर्तीबद्दल पानंच्या पानं लिहितात, ती इथं दर हंगामात दिसते. आणि ती टिकते, कारण संध्याकाळी या बायांच्या चुली एकाच मोहल्ल्यात पेटतात.

सालगड्याला हे जमत नाही. त्याचा करार गुढीपाडव्याला होतो, उचल आधीच घेतलेली असते. एकटा माणूस वर्षभरासाठी बांधला जातो.

(दृश्य: चिमूरचं हुतात्मा स्मारक.)

उठावाची किंमत कुणी मोजायची, हेही या मातीला ठाऊक आहे. १६ ऑगस्ट १९४२. चिमूर आणि आष्टी. लढा स्वातंत्र्याचा होता, अराजकवादाशी त्याचा संबंध नव्हता. जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, अधिकारीही मारले गेले. मग चिमुरात फौज आली आणि घरात उरलेल्या बायांवर अत्याचार झाले. चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. रात्रीत ठिणगी टाकून निघून जाणाऱ्यानं चिमूरच्या त्या घरांकडे आधी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना. कापसाच्या गाड्यांची रांग.)

आणि वावराचा मालक? तो बहुतेकदा पाच एकरवाला, स्वतःच कर्जात. किलोमागं रुपया वाढवून मागताना बायांनाही ते माहीत असतं. सुप्यात सावकार समोर होता, त्याची वही हाताला लागत होती. इथं कापसाचा भाव ठरतो तो जिनिंगच्याही पलीकडे, वायदेबाजारात आणि आयातीच्या धोरणात. धुऱ्यावरचा संप अजून तिथपर्यंत पोचलेला नाही. बाया आणि पाच एकरवाला एकत्र आल्याशिवाय तो पोचणारही नाही.