सैनिक टिकतो कशामुळे?

(पडद्यावर: भरतीची रांग, उंची मोजायची पट्टी)

या रांगेत कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. बांधलेला पगार, निवृत्तिवेतन, शिक्षणाची सोय, घरात कुणीतरी आधी फौजेत होतं, गणवेशाचा रुबाब. किंवा नुसतं घराबाहेर पडायचं होतं. देशप्रेम असतंच आणि ते खोटंही नसतं. फक्त ते सहसा एकटं येत नाही.

पण ज्या कारणानं माणूस भरती होतो, ते कारण त्याला फार दूर नेत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच ते विरायला लागतं. झोप अर्धवट, पायांना फोड, पाठीवर ओझं आणि एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना. ही सामूहिक शिक्षा हिशेबानं वापरली तर मागे पडलेल्याचं ओझं दुसरा उचलतो. हात सैल सोडला, की त्याच मागे पडलेल्याला रात्री बराकीत चोप बसतो. दोन्हींतलं अंतर कळणारा उस्ताद मिळणं हा निम्मा नशिबाचा भाग.

पुढे प्रत्यक्ष गोळीबारात सैनिकाचं जग आक्रसतं. पायदळाची सेक्शन, म्हणजे सर्वांत लहान तुकड्यांपैकी एक, साधारण ८ ते १० जणांची. त्यापलीकडची फौज त्याला दिसतही नाही. दुसऱ्या महायुद्धात समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या पथकानं लढाई पाहिलेल्या अमेरिकी पायदळ सैनिकांना विचारलं, तुम्हाला पुढे रेटत काय होतं? ३९ टक्क्यांचं उत्तर होतं, हे एकदाचं संपवायचं होतं. सोबत्यांचं नाव १४ टक्क्यांनी घेतलं, ध्येयाचं ५ टक्क्यांनी.

'सैनिक शेजारच्या मित्रासाठी लढतो' हे वाक्य सगळ्यांचं लाडकं आहे, आणि हे आकडे त्याला सरळ दुजोरा देत नाहीत. आमच्या मते सोबत्यांचा जोर वेगळ्या ठिकाणी असतो. मी खंदकातून उठलो नाही, तर उद्या यांना तोंड कसं दाखवू? ही लाज प्रश्नावलीत सहजी उतरत नाही.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं, एकाच शहरातली पोरं)

म्हणूनच ओळखीची माणसं एकत्र ठेवावीत असं वाटतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ब्रिटननं तेच केलं. एका गावातल्या, एका कारखान्यातल्या तरुणांच्या बटालियन उभारल्या. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन गावच्या बटालियनचे सुमारे ७०० जण पुढे गेले, त्यांतले ५८० हून अधिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. एका सकाळी गल्ल्याच्या गल्ल्या शोकात बुडाल्या.

अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये उलटी चूक केली. प्रत्येक सैनिकाची मुदत वेगळी, साधारण १२ महिन्यांची. तुकडी तीच, पण माणसं सतत बदलती. नवखा आला की जुने त्याच्यापासून अंतर राखत, कारण त्याच्या चुकीनं आपण मरू ही भीती. ज्याचे थोडेच दिवस उरलेत, तो जीव सांभाळून वागे. त्यात अधिकाऱ्याकडे तुकडीची सूत्रं बहुधा सहाच महिने. माणसं ओळखीची होईतो बदली.

अधिकाऱ्याचं गणित मुळात वेगळं. विशीतच त्याच्या हाताखाली तीसेक माणसं येतात, त्यांतली काही वयानं आणि अनुभवानं त्याच्याहून मोठी. त्याला सर्वाधिक धाक असतो तो त्यांच्यासमोर कमी पडण्याचा. तो शेवटी जेवतो, पहाऱ्यावर फेरी मारतो, पत्रं वेळेत वाटली गेली का ते बघतो. यात दिखावा आला की सैनिकांना पहिल्या आठवड्यातच वास लागतो. पुढे बढतीचा मनोरा निमुळता होत जातो, बदल्यांपायी जोडीदाराची नोकरी सुटते, आणि चांगले अधिकारी नेमके मधल्या हुद्द्यांवर राजीनामा देतात.

(पडद्यावर: १९१७, फ्रान्स)

एप्रिल १९१७ मधलं फ्रेंच सेनापती निव्हेल यांचं जर्मनांवरचं आक्रमण फसलं आणि फ्रेंच फौजेच्या कितीतरी डिव्हिजनमध्ये (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्यांमध्ये) सैनिकांनी हुकूम नाकारले. त्यातली मेख अशी, की बहुतेकांनी खंदक सोडले नाहीत. आलेल्या शत्रूला अडवू, पण निष्फळ चढाईला जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात फौजेची सूत्रं निव्हेल यांच्याकडून जनरल पेताँ यांच्याकडे आली. काहींना गोळ्या घालण्यात आल्या, हे खरंच. पण त्याबरोबर दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा नक्की झाली, जेवण सुधारलं, आघाडीमागे विश्रांतीची सोय झाली आणि मोठ्या चढाया थांबल्या. उन्हाळा सरता सरता बंड निवळलं होतं.